नाल्यातले किडे पाहून पाण्याची प्रकृती कशी ओळखायची : कोल्हापूरकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणकिडे म्हणजे नेमके कोणते जीव?

पाण्यात, दगडाखाली, गाळात किंवा पाणवनस्पतींच्या मुळांत राहणारे, पाठीचा कणा नसलेले आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे सगळे जीव. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच पण बारीक अंगाचा किडा) यांची पिल्लं, मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या अळ्या, पाणभुंगेरे, गोगलगायी, शिंपले, झिंगे, खेकडे, जळवा, गाळातले बारीक तांबडे किडे हे सगळे यात येतात. शास्त्रीय शब्द अपृष्ठवंशीय जीव असा आहे. या पानावर सोयीसाठी पाणकिडे म्हटलं आहे, गोगलगाय किडा नसली तरी.

पाण्याची बाटली प्रयोगशाळेत दिली की झालं की! किडे कशाला मोजायचे?

बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं असतं. सांडपाणी रात्री दोनला सुटलं आणि तुम्ही सकाळी दहाला बाटली भरली, तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो. दगडाखालची मेफ्लायची अळी मात्र कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने त्याच पाण्यात श्वास घेत असते. एका रात्री विरघळलेला प्राणवायू संपला की ती मरते, आणि तिची जागा भरून यायला वेळ लागतो. म्हणून किड्यांची यादी ही मागच्या काही महिन्यांची नोंदवही असते.

बाटली निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. काय मिसळलं ते रसायनचाचणी सांगते, त्याचा परिणाम काय झाला ते किडे सांगतात. दोन्ही करा. निदान पाण्याचं तापमान, सामू, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू एवढं तरी जागेवरच मोजा. प्राणवायूचा आकडा वाचताना तापमान हवंच. २५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ च्या आसपास. उन्हाळ्यात आकडा थोडा उतरला म्हणून लगेच प्रदूषणाचा निष्कर्ष काढू नका.

कोल्हापुरात हे कुठे करता येईल?

जयंती, दुधाळी, बापट कॅम्प आणि लाईन बाजार हे नाले सगळ्यांना माहीत आहेत. ते शहरातून वाहत पंचगंगेकडे जातात. एकाच नाल्यावर किमान तीन जागा घ्या: दाट वस्तीच्या वर, वस्तीच्या मध्ये आणि नदीला मिळण्याआधी. नदीवर काम करायचं असेल तर प्रयाग चिखलीच्या संगमाच्या वरची एक जागा आणि शहराच्या खालची एक जागा अशी जोडी घ्या.

आणखी एक जागा लागते, तीच बहुतेक जण विसरतात: तुलनेसाठी चांगला ओढा. त्यासाठी राधानगरीची भोगावती उपयोगाची नाही, ती मोठी नदी आहे. नाल्याच्याच रुंदीचा, तसाच काळ्या दगडाचा, गावाच्या वर असलेला छोटा ओढा शोधा. पन्हाळा-जोतिबाच्या पायथ्याला किंवा गगनबावड्याच्या वाटेवर असे ओढे मिळतात. अभयारण्याच्या हद्दीत जाळं टाकायचं असेल तर आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

कोणत्या महिन्यात जायचं?

जून ते सप्टेंबर नाही. पुराचं पाणी तळ धुऊन नेतं. तेव्हा नमुन्याचा ट्रे रिकामा आला तर तो पाण्याच्या जोराचा परिणाम असतो. शेवटचा मोठा लोंढा ओसरल्यावर किमान चार आठवडे थांबा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी-मार्च हे दोन हंगाम पुरेसे आहेत. दरवर्षी त्याच पंधरवड्यात जा.

बंधाऱ्याचे बरगे घातल्यावर किडे अचानक कमी झाले. पाणी बिघडलं का?

बहुधा नाही. हा प्रश्न कोल्हापूरचा खास आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पावसाळा संपला की कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि मागचं पाणी तुंबतं. कालपर्यंत जिथे उथळ खळाळ होता तिथे आज चार-पाच फुटांचा डोह असतो. वाहत्या पाण्यात जाळी विणून अन्न गाळणारी कॅडिसफ्लायची अळी डोहात जगत नाही, कारण तिच्या जाळीत काही येतच नाही. दगडाला चपटी चिकटणारी मेफ्लायही जाते. त्यांच्या जागी गोगलगायी, टाचणीची पिल्लं आणि पाणढेकूण येतात. पाणी तेवढंच स्वच्छ राहिलं तरी किड्यांवरून काढलेले गुण उतरतात.

म्हणून राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या फुगवट्याची तुलना खालच्या खळाळाशी कधीच करू नका. खळाळाची तुलना खळाळाशीच करा, डोहाची डोहाशी, गाळाची गाळाशी. आमच्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. एकदा ती झाली की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही निष्कर्ष खोटा निघतो. नोंदीच्या कागदावर ‘बरगे: घातलेले / काढलेले’ असा एक रकाना ठेवाच.

साहित्य काय लागतं?

मुख्य वस्तू म्हणजे जाळं. ८ मिलिमीटर सळईची, खालची बाजू सरळ असलेली, ३० सेंटिमीटर रुंदीची चौकट उद्यमनगरात कुणीही वेल्डिंगवाला करून देईल. सरळ बाजू तळावर टेकायची असते. गोल चौकट केली तर खालून निम्मे किडे निसटतात. दांडा दीड मीटरचा ठेवा. चौकटीला आधी ताडपत्रीची पट्टी शिवा आणि तिला अर्धा मीटर खोल नायलॉनच्या जाळीची पिशवी जोडा. जाळी थेट सळईवर शिवली तर दगडावर घासून लवकर फाटते.

जाळीचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं हवं. मच्छरदाणीचं कापड चालत नाही. त्याची छिद्रं एक मिलिमीटरहून मोठी असतात आणि लहान अळ्या आरपार जातात. कापड घेताना पट्टी लावून एका सेंटिमीटरमधली छिद्रं मोजा: बारा ते चौदा भरली तर ठीक. पिठाची बारीक चाळणही घेऊ नका. ती गाळाने लगेच तुंबते आणि पाणी जाळ्याच्या तोंडातून मागे फिरतं.

बाकी सामान: पांढरे उथळ ट्रे दोन, बादली, प्लास्टिकचे चमचे, मऊ चिमटा, रंगकामाचा बारीक ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, घट्ट झाकणाच्या बरण्या, ७० टक्के अल्कोहोल, शिसपेन्सिल आणि जाड कागद. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची आणि बरणीच्या आत टाकायची. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते, आणि मग तो नमुना कुठल्या जागेचा हे कुणालाच सांगता येत नाही.

नमुना घ्यायची पद्धत सांगा.

शंभर मीटरचा पट्टा ठरवा. सुरुवात खालच्या टोकापासून करा आणि वर सरकत जा, म्हणजे तुम्ही ढवळलेला गाळ पुढच्या जागेवर जाणार नाही. जाळ्याची सरळ बाजू तळावर दाबून धरा, तोंड प्रवाहाकडे. जाळ्याच्या अर्धा मीटर वरच्या बाजूला उभं राहून टाचेने तळ उकरा. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळ्यात येतात. एकूण तीन मिनिटं, घड्याळ लावून. पट्ट्यात खडक, वाळू आणि पाणवनस्पती असतील तर ही तीन मिनिटं त्यांच्या प्रमाणात वाटून घ्या. त्यानंतर एक मिनिट हाताने दगड उचलून पाहा.

हे एक मिनिट घाई न करता घालवा. मुठीएवढा दगड उचलून उलटा धरा आणि पाणी निथळू द्या. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग दगडाचाच एक डाग तिरका सरकतो. ती चपटी मेफ्लाय. डोकं रुंद, डोळे डोक्यावर, पोटाच्या दोन्ही कडांना पानासारखे कल्ले, ते पाण्यात सारखे हलत असतात. दगडाच्या खोबणीत बारीक वाळूचे कण एकमेकांना चिकटून गोळा झालेले दिसले तर ब्रशाने हळूच सोडवा, आत कॅडिसफ्लायची अळी सापडेल.

जाळं बादलीत उलटं करून धुवा, मोठी पानं आणि दगड चोळून बाहेर टाका, उरलेलं ट्रेमध्ये थोडं थोडं ओता. ट्रेमध्ये पाणी बोटभरच ठेवा आणि दोन मिनिटं न हलवता पाहत राहा. गाळ बसला की जीव हालचाल करू लागतात. घाईने पाहिलं तर मोठे आणि जलद पोहणारेच उचलले जातात.

किडे फारच जास्त असतील तर ट्रेच्या तळाला आखणी करून बारा चौकोन पाडा, चिठ्ठी काढून चौकोन निवडा आणि त्यातले सगळे उचला. शंभर ते दोनशे जीव भरेपर्यंत चौकोन वाढवा. मात्र निवडलेला चौकोन अर्ध्यात सोडायचा नाही.

नाल्यात उतरणं धोक्याचं नाही का?

आहे. जिथे मैलापाणी उघड दिसतं तिथे उतरू नका, काठावरून लांब दांड्याचं जाळं फिरवा. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या साध्या चिरेतूनही शिरतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, आणि अंगावर जखम असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याला द्या. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना नाल्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. स्लॅबखालच्या बंद नाल्यात कोणत्याही कारणाने जाऊ नका, तिथे विषारी वायू साठतो. एकट्याने कधीच जाऊ नका.

उतरता येत नसेल तर दुसरा मार्ग आहे: प्लास्टिकची जाळीदार टोपली, तिच्यात ४० मिलिमीटरची खडी, नायलॉनच्या दोरीने काठाला बांधून पाण्यात सोडायची आणि सहा आठवड्यांनी काढायची. किडे तिच्यात वस्ती करतात. लोखंडी पिंजरा आणि तार वापरू नका, भंगारात जातात. टोपल्या तीन टाका, एक तरी हाती लागते.

कोणते किडे दिसले तर पाणी चांगलं?

स्टोनफ्लाय दिसली तर ओढा उत्तम आहे. दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या, आणि आपल्याकडे सापडणाऱ्या पर्लिडी कुळात पायांच्या बगलेत कल्ल्यांचे झुपके. चपट्या हेप्टाजेनिडी आणि फाटलेल्या पानासारख्या कल्ल्यांच्या लेप्टोफ्लेबिडी या मेफ्लायही तशाच नाजूक आहेत. मेफ्लायला बहुधा तीन शेपट्या असतात, पण काहींना दोनच असतात, म्हणून शेपट्या मोजून थांबू नका, नखी पाहा. मेफ्लायच्या पायाला एकच नखी असते.

पण ‘मेफ्लाय सापडली, पाणी स्वच्छ’ हे समीकरण चुकीचं आहे. छोट्या माशासारखी झटके देत पोहणारी बेटिडी कुळातली मेफ्लाय बऱ्यापैकी घाण सोसते. सिनिडी कुळातली मेफ्लाय गाळातही जगते, कारण तिच्या कल्ल्यांवर झाकण असतं.

आणि घाण पाण्याचे?

रक्तासारख्या लाल, ट्रेमध्ये आठाचा आकडा काढत वळवळणाऱ्या कायरोनोमिड अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी थोड्या प्राणवायूवर त्या तग धरतात. मत्स्यालयवाले विकतात ते ट्युबिफेक्स: डोकं गाळात, शेपटी वर, हजारोंच्या संख्येने डुलणारे. लांब नळीसारख्या शेपटीने वरची हवा घेणारी अळी. आणि डाव्या बाजूला तोंड असलेली छोटी फायझा गोगलगाय. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरून पाहा, उघडी बाजू डावीकडे आली तर तीच.

गुण कसे द्यायचे?

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये नेमलेल्या एका कार्यगटाने कुळागणिक १ ते १० गुण देण्याची पद्धत तयार केली. तिचं इंग्रजी लघुरूप बीएमडब्ल्यूपी. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही याच धर्तीचे गुण वापरतात. कुळात एक जीव सापडला काय किंवा पाचशे, गुण एकदाच.

समजा एका पट्ट्यात ही कुळं मिळाली: सिनिडी ७, टाचणीचं सिनॅग्रिऑनिडी ६, जाळी विणणारी हायड्रोप्सायकिडी ५, पाण्यावर धावणारी गेरिडी ५, बेटिडी ४, लिम्नेइडी गोगलगाय ३, प्लॅनॉर्बिडी गोगलगाय ३, कायरोनोमिडी २, गाळातले गांडूळवर्गी किडे १. बेरीज ३६, कुळं ९, सरासरी ४.०. दुसऱ्या पट्ट्यात फायझा ३, कायरोनोमिडी २, गांडूळवर्गी १. बेरीज ६, कुळं ३, सरासरी २.०. बेरीज तुमच्या मेहनतीनुसार बदलते, जास्त वेळ शोधलं की वाढते. सरासरी त्या मानाने स्थिर राहते, म्हणून दोन्ही लिहा.

नुसत्या सरासरीने प्रत का ठरत नाही?

मंडळाच्या वर्गवारीत ३ ते ६ गुण म्हणजे मध्यम प्रदूषण आणि २ ते ५ म्हणजे जास्त प्रदूषण, अशा वर्गांच्या मर्यादा एकमेकींवर चढलेल्या आहेत. ४.० कुठे टाकायचा? त्यासाठी दुसरा आकडा लागतो, विविधतेचा. ट्रेमधून न निवडता, हाताला येईल तसा एकेक जीव उचलून ओळीत ठेवा. शेजारचा जीव आधीच्यासारखाच असेल तर तोच गट चालू, वेगळा असेल तर नवा गट. गटांची संख्या भागिले जीवांची संख्या.

उदाहरण: अ अ अ, ब, अ अ, क क, अ अ. जीव १०, गट ५, विविधता ०.५. इथे जातीचं नाव माहीत असायची गरज नाही, ‘हा आधीच्यासारखा आहे का’ एवढंच पाहायचं. गुण ४.० आणि विविधता ०.५ आली तर पट्टा मध्यम प्रदूषणात बसतो. त्याच गुणाला विविधता ०.२ आली तर खालच्या वर्गात जातो. दहा जीवांवर हे करू नका, किमान शंभर घ्या.

ब्रिटनचे गुण कोल्हापूरला लागू पडतात का?

बरेचसे पडतात, काही ठिकाणी ठेच लागते. लिबेल्युलिडी या चतुरांच्या कुळाला त्या यादीत ८ गुण आहेत. आपल्याकडे याच कुळातला ब्रॅकिथेमिस कॉन्टामिनाटा हा नारिंगी चतुर घाण डबक्यांत आणि गटारांच्या कडेला आनंदाने वाढतो. त्याच्या एका पिल्लाने मैल्याच्या नाल्याची सरासरी उगाच चढते. तसंच पाणढेकूण आणि पाणभुंगेऱ्यांना ५ गुण आहेत, पण त्यांतले बहुतेक वरची हवा घेतात. पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्यांना फार फरक पडत नाही.

आमचा सल्ला: गुणांची यादी मनाने बदलू नका, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी जुळवताच येणार नाही. अधिकृत सरासरी काढा, आणि तिच्या शेजारी चतुर व हवा घेणारे किडे वगळून दुसरी सरासरी लिहा. दोन्हींत मोठा फरक पडला तर त्या जागेकडे पुन्हा पाहा.

ट्रेमध्ये जवळजवळ काहीच आलं नाही. नोंद करायची का?

करायचीच. शून्य हाही आकडा आहे. पण कारण शोधा. मैलापाण्यात प्रकार थोडे आणि संख्या प्रचंड असते, कारण सोसणाऱ्यांना खायला भरपूर मिळतं. प्रकारही थोडे आणि संख्याही थोडी असेल तर विषाचा संशय घ्या: धातूंना मुलामा देण्याच्या कामातलं पाणी, आम्ल, कीटकनाशक. गोगलगायी आणि गांडूळवर्गी किडे आहेत पण एकही कीटक नाही, असं दिसलं तर नुकतीच डासांच्या अळ्यांसाठी फवारणी झाली होती का ते विचारा. टेमेफॉससारखं औषध डासांबरोबर इतर अळ्याही मारतं.

काँक्रीटने तळ बांधलेल्या नाल्यातही ट्रे रिकामा येतो, लपायला जागाच नसते म्हणून. तिथे खडीची टोपली टाका. टोपलीत चांगले किडे आले तर दोष पाण्याचा नाही, तळाचा आहे. गप्पी मासे भरपूर असतील तर तेही लिहा, तेही अळ्या फस्त करतात.

जलपर्णीची मुळं झाडून घेतली तर चालतील?

वेगळा नमुना म्हणून चालतील. मुळांत जीव भरपूर असतात, पण ते तळाबद्दल काही सांगत नाहीत. तळाच्या नमुन्यात मिसळू नका.

या गुणांवरून पाणी पिण्यायोग्य आहे का ते कळतं?

नाही. कावीळ किंवा जुलाबाचे जंतू मेफ्लायला त्रास देत नाहीत. पिण्यासाठी जिवाणू चाचणीच करावी लागते.

आमचा अहवाल तक्रारीसाठी पुरावा ठरेल का?

कायदेशीर पुरावा नाही. जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या रीतीने घेतलेला नमुनाच त्या कामी चालतो. पण कुठे आणि कोणत्या पंधरवड्यात नमुना घ्यावा, हे तुमची नोंद नेमकं दाखवू शकते. अर्जासोबत जागेचा नकाशा, तारखा, कुळांची यादी आणि ट्रेचे फोटो जोडा. नुसता ‘गुण २.०’ लिहिलात तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही.

किडे मारावे लागतात का?

जागेवर ओळखता आले तर नाही, मोजून तिथेच सोडा. खेकडे आणि शिंपले नेहमीच सोडा. खात्री नसेल तर प्रत्येक प्रकाराचे दोन-तीनच नमुने अल्कोहोलमध्ये घ्या आणि प्राणिशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घ्या. पहिल्या वर्षी हे टाळू नका, एक चुकीचं नाव पुढच्या सगळ्या याद्यांत उतरत जातं. मोबाइलने फोटो काढणार असाल तर शेजारी पट्टी ठेवा, कल्ले आणि नख्या स्पष्ट दिसू द्या.

पुढच्या वर्षी नेमकी तीच जागा कशी सापडेल?

अक्षांश-रेखांश लिहा, पण मोबाइलचा अंदाज पाच-दहा मीटर चुकतो, आणि छोट्या नाल्यात तेवढ्यात खळाळ संपून डोह लागतो. म्हणून न हलणाऱ्या वस्तूपासून अंतर मोजा: पुलाचा खांब, घाटाची शेवटची पायरी. टेपने मीटर लिहा, डावा काठ की उजवा ते प्रवाहाकडे पाठ करून ठरवा, म्हणजे पाणी जातं त्या दिशेला तोंड. पुलावरून वरच्या आणि खालच्या बाजूचा एकेक फोटो घ्या. पुरानंतर पात्र सरकलं असेल तर जुन्या जागेचा हट्ट धरू नका, जवळचा तसाच खळाळ घ्या आणि नव्या क्रमांकाने नोंदवा.